गणेश मंडळांच्या खोल्यांत वस्तुभांडारं सुरू व्हावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या जुन्या वस्तू कुठे द्याव्यात, याबद्दलचा मजकूर आपल्या अंकात वाचला. दिलेली माहिती उपयोगाची होती आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. आपण सगळेजण फक्त देऊन टाकण्याबद्दल बोलतो. दिवाळीला माळा रिकामा करायचा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तो नव्या वस्तूंनी भरायचा, हे काही त्याने थांबत नाही. एका जिन्यातल्या आठ घरांत आठ ड्रिल मशीनं कशाला लागतात, हे कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीत आम्ही वस्तुभांडार चालवतो, म्हणजे कधीतरीच लागणारी वस्तू सगळ्यांत मिळून एका खोलीत ठेवायची आणि लागेल तेव्हा उसनी न्यायची. मला त्याबद्दल लिहायचं आहे आणि पुण्यातल्या गणेश मंडळांकडे तशाच भांडारांची मागणीही करायची आहे. पत्र लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूल स्टोअरला होतो. नोकरीची बहुतेक वर्षं जाळीच्या खिडकीमागे गेली. शॉपवर शेकडो कामगार, पण बारीक मापं घेणारे मायक्रोमीटर आणि बोअर गेज, भोकं साफ करणारे रीमर, आटे पाडणाऱ्या टॅपचे संच मोजकेच. प्रत्येक कामगाराला त्याचा नंबर ठोकलेले पितळी बिल्ले दिलेले असत. खिडकीशी यायचं, बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. हत्यार ज्या खिळ्यावर टांगलेलं असे, त्याच खिळ्याला मी तो बिल्ला अडकवायचो. पाळी सुटताना भिंतीकडे नुसतं बघितलं तरी कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते कळायचं. मायक्रोमीटर परत आला की पुसायचा, शून्य तपासायचं, मगच तो जागेवर जायचा. बोथट रीमर धार लावायला वेगळा काढायचा. कामगारांची एकमेकांशी भांडणं असत, युनियन वेगळ्या असत, पण हत्यार सगळ्यांचं एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकत होतं. आपल्याकडे माणसं दुसऱ्याची वस्तू जपत नाहीत, असं लोक म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. मी ती जपलेली पाहिली आहे. पण त्यासाठी नोंद होती, ठरलेली जागा होती आणि त्या जागेवर रोज बसणारा माणूस होता.

आमची सोसायटी सहकारनगरात आहे, जुनी, चाळीसेक घरांची. मीटर रूमला लागून एक खोली आहे, पूर्वी वॉचमनसाठी बांधलेली. तिच्यात मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या सायकली भरल्या होत्या. निवृत्त झाल्यावर सर्वसाधारण सभेत मी ती खोली भांडारासाठी मागितली. सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, ‘जबाबदारी कुणाची?’ योग्यच प्रश्न होता. मी लेखी दिलं, की खोलीची किल्ली, वही आणि पैशांचा हिशेब माझ्याकडे राहील आणि दरवर्षी सभेपुढे मांडला जाईल. त्यावर ठराव झाला. वस्तू आणायला काही अवघड गेलं नाही, कारण त्या घराघरांत पडूनच होत्या. ‘माळ्यावरचं एकच काहीतरी द्या, पण चालू स्थितीतलं द्या’ एवढीच अट मी घातली होती.

पहिल्यांदा आलं ते ड्रिल मशीन. त्यामागोमाग अॅल्युमिनियमची घडीची शिडी, इडलीचं मोठं पात्र, दहा लिटरचा कुकर, पाहुण्यांसाठीच्या गाद्या, घडीच्या खुर्च्या, बाळाचा पाळणा, बाबागाडी. मग मोठ्या सूटकेसा. आमच्याकडे निम्म्या घरांतली मुलं परदेशात आहेत. आईवडील दोन-तीन वर्षांतून एकदा जातात, आणि त्या एका प्रवासासाठी घेतलेल्या दोन अजस्र बॅगा उरलेला सगळा काळ पलंगाखाली जागा अडवतात. आता चार चांगल्या बॅगा आणि एक टांगायचा वजनकाटा सगळ्या सोसायटीला पुरतो. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा बॅगेला २३ किलो असते, म्हणून काटा बॅगेबरोबरच जातो. पावसाळ्यात मुलांना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाचे वेध लागतात. त्यांच्यासाठी दोन तंबू आणि पाठीवरच्या सॅक आहेत. तंबू पूर्ण वाळवून आणल्याशिवाय परत घेत नाही, कारण ओला गुंडाळला की त्याला बुरशी धरते आणि पुढच्याच्या हाती कुजकं कापड लागतं.

आणि दिवाळीआधी सोऱ्या. पितळी, जड, सगळ्या चकत्यांसह. ज्यांचं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं त्यांना सांगायला नको, की वाड्यात सोऱ्या एखाद्याच घरी असायचा आणि तो खालीवर फिरत राहायचा. पाटा-वरवंटा, जातं, अनारशाचं पीठ चाळायची बारीक चाळणी, सगळ्याचं तसंच. आमच्या गावी, जुन्नरकडे, लग्नाची मोठी पातेली, पराती, हंडे आणि सतरंज्या देवस्थानच्या असत. ज्याच्या घरी कार्य, तो मोजून नेई आणि घासून-पुसून मोजून परत देई. शेजारच्या वावरात सावडीने बैल जायचे. म्हणजे हे आपल्याला नवं नाही. वाडे पडले, फ्लॅट झाले, दारं बंद झाली, आणि प्रत्येक दारामागे सगळं स्वतःचं असावं असं आपण ठरवून टाकलं.

भांडारातल्या प्रत्येक वस्तूवर नंबर कोरलेला आहे. लग्नात दिलेल्या स्टीलच्या भांड्यावर दुकानदार मशीनने नाव घालून देतो ना, त्याच मशीनने घालून घेतला. वहीत तारीख, घर, वस्तूची जातानाची स्थिती, परतीचा दिवस आणि सही. बहुतेक वस्तूंना दिवसाला दहा रुपये आणि अनामत. रुग्णाच्या वस्तूंना भाडं नाही, फक्त अनामत. झीज झाली तर भांडाराने सोसायची, हलगर्जीपणाने मोडलं तर नेणाऱ्याने भरून द्यायचं. हा नियम मी कारखान्यातून उचलला आहे आणि याच्यावाचून काहीही चालत नाही. ड्रिलचं बिट बोथट झालं म्हणून कुणाला रागावायचं नसतं, बोथट होणं हा बिटचा धर्मच आहे. पण शिडी रात्रभर पावसात ठेवली तर ते वेगळं.

दहा रुपयांवरून सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. ‘शेजाऱ्याकडून कसले पैसे घेता?’ असं काहींनी तोंडावर विचारलं. मी ते कमी केले नाहीत, आणि त्याचं कारण मला इथे नीट सांगायचं आहे, कारण या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. आपल्याकडे मागायला माणूस लाजतो. मागितलं की मिंधेपणा येतो. शिडी मागायला गेलो की समोरच्याच्या घरातली चार कामं ऐकून घ्यावी लागतात, उद्या त्याने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. बायकांना तर हे फारच जाणवतं. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांनी उभ्या आयुष्यात शेजारी वाटीभर साखरही मागितली नसेल. त्या भांडारातून मात्र गाद्या नेतात, खुर्च्या नेतात, नातवंडं आली की पाळणा नेतात. पावती घेतात आणि ताठ मानेने घरी जातात. पावतीमुळे उपकार राहत नाही, हक्क होतो. फुकट ठेवलं असतं तर ज्यांना खरी गरज आहे तेच आले नसते.

त्याच दहा-दहा रुपयांतून दुरुस्ती होते, आणि दुरुस्तीशिवाय भांडार म्हणजे नुसती अडगळ. ड्रिलचंच घ्या. वापरता वापरता आतले कार्बन ब्रश झिजतात. मग मोटर अडखळते, ठिणग्या जास्त उडतात, आणि घरमालक ‘मशीन गेलं’ म्हणून नवं मागवतो. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत ब्रशची जोडी अगदी किरकोळ पैशांत मिळते. दोन्ही एकदम बदलायचे, एकच बदलला तर झीज सारखी होत नाही. शिडीचे रबरी बूट झिजले की ती फरशीवर सरकते आणि माणूस पडतो, म्हणून ते दर पावसाळ्याआधी बघायचे. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, वॉकरच्या पायांची रबरं, मिक्सरचा कपलर, बाबागाडीच्या चाकाची पिन. प्रत्येक वस्तूचा एखादा लहानसा भाग आधी जातो आणि तेवढ्यासाठी अख्खी वस्तू टाकली जाते. घरोघरी एकेक मशीन असलं की त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सगळ्यांचं मिळून एक असलं की कुणीतरी त्याचे ब्रश बघतो. आणखी एक: आता नव्या इमारतींत भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात. साध्या ड्रिलने तिथे भोकच पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. ते महाग असतं आणि घरात वर्षाकाठी कधीतरीच लागतं. असली वस्तू तर एकेकट्याने घेण्यात काहीच अर्थ नाही.

काही वस्तू आम्ही मुद्दाम ठेवत नाही. हेल्मेट नाही, कारण एकदा जोरात आपटलं की आतला थर चेपतो आणि बाहेरून काही दिसत नाही. गिर्यारोहणाचे दोर नाहीत, कारण त्यांच्यावर आधी काय ताण आला ते कळत नाही. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी नाही. वाटून वापरायचं म्हणजे सगळंच वाटायचं, असं नव्हे.

रुग्णाच्या वस्तूंबद्दल थोडं थांबून लिहितो. वयस्कर माणूस बाथरूममध्ये घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. घरी आणताना वॉकर लागतो, कमोडची खुर्ची लागते, डोक्याकडून वर होणारा पलंग लागतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते. हे सगळं काही आठवडे किंवा काही महिने. घाबरलेलं घर मेडिकलच्या दुकानातून मिळेल त्या किमतीला सगळं विकत आणतं. माणूस बरा झाला तर वस्तू माळ्यावर जातात. माणूस गेला तर त्या वस्तूंकडे कुणाला बघवत नाही, पण टाकायलाही हात होत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या घरी ती खुर्ची कितीतरी दिवस गॅलरीत चादर टाकून झाकलेली होती. वहिनींनी ती भांडारात आणून दिली तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, पण मला सांगू नका कुणाच्या.’ साबणाने धुऊन, जंतुनाशकाने पुसून, कडक उन्हात ठेवून ती लगेच पुढच्या घरी गेली.

पुण्यात अनेक सेवाभावी संस्था आणि ज्ञातिसंस्था अनामत घेऊन असं साहित्य वर्षानुवर्षं देत आल्या आहेत. हे या शहराचं मोठं काम आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एका घरातून दुसऱ्या घरात कसे फिरत होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आधी ते कुणी वापरलं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. जीव वाचवायला जे चाललं, ते चकली करायला आणि भिंतीला भोक पाडायला का चालू नये?

याउलट जे टिकलं नाही तेही बघायला हवं. काही वर्षांपूर्वी गावोगावी माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या. नको ते ठेवा, हवं ते न्या. कल्पना सुंदर होती. मी स्वतः एका भिंतीवर स्वेटर टांगून आलो होतो. पण भिंतीपाशी माणूस नव्हता. चांगले कपडे पहिल्या तासात जायचे, मग फाटके, मळके, एका पायाचे बूट उरायचे, पाऊस आला की सगळा लगदा फुटपाथवर. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध भागात मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पुढे त्या शहरभर दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यांवरून नाहीशाही झाल्या. कुलपं तोडलेल्या, नाल्यात फेकलेल्या सायकलींचे फोटो तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते आणि पुणेकरांना नागरिक शास्त्राचे धडे देऊन झाले होते.

पण याच पुण्यात माझ्या पिढीने तासाच्या भाड्यावर सायकली चालवल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक चौकात तसं दुकान असे. दुकानदार वहीत नाव, पत्ता आणि वेळ लिहून घ्यायचा. तो वडिलांना ओळखायचा. चाक पंक्चर झालं तर सायकल ढकलत आणायची आणि त्याला सांगायचं. सायकली जुन्या होत्या, पण ब्रेक लागायचे, कारण परत आलेली प्रत्येक सायकल त्याच्या हाताखालून जायची. ती चालवणारी माणसं नाल्यात सायकल फेकत नव्हती. त्यांचीच मुलं-नातवंडं आता फेकतात, असं मी मानत नाही. ज्या वस्तूला विचारणारा कुणी नाही, तिची दशा कुठल्याही शहरात अशीच होईल.

या शहरात दरवर्षी वस्तू सगळ्यात जास्त कुठे वाया जात असतील, तर भाड्याच्या घरांत. अकरा महिन्यांचा करार संपला की आयटीतली मुलं टेबल, गादी, कपाट, कुंड्या, बादल्या मागे ठेवून जातात. आमच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीशेजारी महिन्याच्या शेवटच्या दिवसांत एखादी तरी गादी पडलेली असतेच. त्याच आठवड्यात दुसरी मुलं येतात आणि तीच गादी, तेच टेबल नवं मागवतात. सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी एमपीएससीची मुलं बघा. गावाकडून आईवडील पैसे पाठवतात, मुलगा अभ्यासिकेची फी भरतो, पुस्तकांचे गठ्ठे घेतो. परीक्षा झाली, नाद सुटला किंवा नोकरी लागली की गठ्ठा रद्दीत किलोच्या भावाने. पुढचा मुलगा अप्पा बळवंत चौकात उभा राहतो. तिथे जुनी पुस्तकं मिळतात, हे पुण्याचं भाग्य, पण सगळ्यांना हवं ते सापडत नाही. अभ्यासिकेच्याच एका कपाटात ही पुस्तकं ठेवली, निघताना ठेवायची आणि आल्यावर सही करून घ्यायची, तर गावाकडच्या आईबापाचे किती पैसे वाचतील!

शाळेच्या पुस्तकांचंही तेच. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली गेली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू असेल, पण पानांवर लिहिलेलं पुस्तक धाकट्या भावंडाला देता येत नाही. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आता पुस्तकं पुन्हा हातोहात जाऊ शकतात. पालक-शिक्षक संघांनी निकालाच्या दिवशीच शाळेत एक टेबल मांडावं. गणवेश आणि पावसाळी बूटही तिथेच बदलून घ्यावेत, मुलांचे पाय काही वर्षभर थांबत नाहीत.

एक आक्षेप मला नेहमी विचारला जातो आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांनी असं केलं तर जुन्या वस्तूंवर ज्यांचं पोट आहे त्यांनी काय करायचं? जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात पथारी टाकणारे, भंगारवाले, कचरा वेचणाऱ्या बायका. या लोकांनी ‘फेरवापर’ हा शब्द छापून येण्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर वस्तूंच्या ढिगाखाली गाडलं जाण्यापासून वाचवलं आहे. १९९३ साली बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. आपला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी सोसला आणि त्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. या बायकांनी वेचून काढला नसता तर तो ढीग किती वाढला असता! म्हणून आमच्याकडे नियम आहे, की भांडारातून बाद झालेली वस्तू आमच्या दारी येणाऱ्या ताईंनाच जाते, कुठल्या मोहिमेच्या गाडीत नाही. दुरुस्तीही शक्यतो जवळच्या माणसाकडून. आमच्या कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, चपला शिवणारे काका आहेत, सायकलवाला आहे. भांडार सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे आमच्या सोसायटीचं काम वाढलंच आहे, कारण पूर्वी या वस्तू दुरुस्तीला जातच नव्हत्या. नव्या वस्तू विकणाऱ्याचा धंदा थोडा कमी होईल, हे खरं आहे. ते मला चालेल.

बाहेरच्या देशांत हे आता रीतसर होतं. अमेरिकेतल्या बर्कली शहराचं सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून नागरिकांना वाचकाच्या कार्डावर करवत, ड्रिल, शिडी देतं. २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरलं आणि शेजारीपाजारी मिळून वस्तू दुरुस्त करायची ती पद्धत अनेक देशांत गेली. पण आपण फार लांब बघायला नको. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची. दुसऱ्याने हाताळलेलं पुस्तक घरी नेऊन वाचायचं, जपायचं आणि वेळेवर परत करायचं, हे या गावाला पावणेदोनशे वर्षं येतं. पुस्तकाच्या जागी शिडी ठेवायची, बाकी व्यवहार तोच.

आता माझी मागणी. आमच्यासारखी मोकळी खोली सगळ्या सोसायट्यांकडे नसते, आणि वाड्यांत, वस्त्यांत, चाळींत तर सोसायटीच नसते. तिथे गणेश मंडळं आहेत. पुण्यात असा चौक शोधून सापडणार नाही जिथे मंडळ नाही. बऱ्याच मंडळांकडे स्वतःची खोली आहे, कपाटं आहेत. वर्गणीची पावती फाडायची, हिशेब लिहायचा, तो सभेत वाचायचा, याची सवय असलेली मुलं आहेत. सतरंज्या, पातेली, खुर्च्या, दिव्यांच्या माळा आधीच आहेत. काही मंडळं रुग्णवाहिका चालवतात, रक्तदान शिबिरं घेतात. उत्सव होऊन गेला, मांडव उतरले, आणि पुढचा उत्सव येईपर्यंत त्या खोल्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्या खोलीत वस्तुभांडार सुरू करावं. सगळ्या शहरात एकदम नको. प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात एखाद्या मंडळाने करून बघावं. पहिल्या वर्षी वीसेक वस्तू पुष्कळ झाल्या: शिडी, हॅमर ड्रिल, मोठा कुकर, वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, पाळणा, गाद्या. जास्त वस्तू जमवायचा मोह आवरावा. लोक उत्साहाने नको ते आणून टाकतात आणि दोन महिन्यांत खोलीचा माळा होतो. जी वस्तू चालू नाही आणि दुरुस्त होणार नाही, ती दारातच नाकारावी. रोज एक तास, ठरलेल्या वेळी, दार उघडं असलंच पाहिजे. तो तास बसणाऱ्याला थोडंफार मानधन द्यावं. पेठेत निवृत्त माणसं पुष्कळ आहेत, त्यातली बरीच आनंदाने बसतील, पण फुकटच्या कामाला लोक कधीही हाक मारतात, मानधन असलं की वेळ पाळली जाते.

महापालिकेकडे मला एवढंच मागायचं आहे. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या मोहिमेत देशभरातल्या शहरांत जुन्या वस्तू स्वीकारायची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल, म्हणजे कमी वापरा, पुन्हा वापरा, त्यातून नवं करा) केंद्रं उघडली गेली. त्या कल्पनेला एक पायरी जोडावी: वस्तू घेण्याबरोबर उसन्या देण्याचीही सोय. आणि ज्या मंडळांना खोली नाही, त्यांना समाजमंदिरातली एक खोली रोज तासभर मिळावी.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. रुग्णोपयोगी साहित्य अनामतीवर देणाऱ्या शहरातल्या संस्थांची विभागवार यादी, वेळा आणि फोन नंबरांसह आपण छापावी, आणि दर सहा महिन्यांनी ती तपासून पुन्हा छापावी. माणूस पडल्यावर ही माहिती शोधायला घरच्यांकडे वेळ नसतो. कात्रण फ्रिजवर लावलेलं असलं तर पुष्कळ घरांना दुकानाची पायरी चढावी लागणार नाही. मंडळांपैकी कुणाला आमच्या वहीचा नमुना आणि नियमांचा कागद हवा असेल, तर तो या पत्रासोबत आपल्याकडे पाठवला आहे. तो मागेल त्याला द्यावा.

आपला,
एक निवृत्त टूल स्टोअरकीपर
सहकारनगर, पुणे